रोवणीनंतरची कंबर

पोरी, रोवणी आटोपली की आपल्या रामटेकात घराघरांत कोणीतरी कंबर धरून बसलेलं असतं. धानाच्या बांधीत दिवसभर वाकून रोपं लावली की पाठीचे लांब स्नायू आखडणारच. अशा बाईला वरवर तेल चोळून भागत नाही, खोलवर दाबावं लागतं. ते कसं, हे आता तूच शिकून घे.

तिळाचं तेल कोमट कर आणि थोडंच घे. फार तेलाने हात घसरतो, पकड राहत नाही. आधी पाच-सात मिनिटं तळहाताने हलकं चोळ. ताठ स्नायूवर एकदम रेटलंस तर तो अजून आवळतो. अंग सैल पडलं की कोपराखालचा हात मणक्याच्या बाजूला टेकव, हाडावर कधीच नाही, आणि खांद्याने जोर न लावता स्वतःच्या अंगाचा भार हळूहळू सोड. कंबरेपासून खवाट्यापर्यंत जाताना घाई नको. गाठ लागली की अंगठा तिथेच ठेव आणि तिला लांब श्वास सोडायला सांग. दोन-चार श्वासांत गाठ मऊ पडल्याचं बोटाला कळतं. ती फुटत नाही गं. सावकाश दाब मिळाला की नसा शांत होतात आणि स्नायू आपली ओढ सोडतो.

दुखावं, पण बरं वाटेल इतकंच. तिने श्वास रोखला, मूठ वळली, की दाब कमी कर. दुसऱ्या दिवशी अंग थोडं ठणकेल, ते चालतं. निळे डाग पडले तर मालीश चुकली.

जुनी कंबरदुखी, आखडलेली मान, गडाच्या पायऱ्या चढून भरलेल्या पोटऱ्या, यांना आराम पडतो. तो काही दिवसांचा असतो, म्हणून थोडं चालायला आणि अंग ताणायलाही सांग.

काहींना मात्र हात लावू नकोस. एकच पोटरी सुजून गरम झाली असेल तर आत रक्ताची गुठळी असू शकते. दाबाने ती सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेततं. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असलेले, हाडं ठिसूळ झालेली म्हातारी माणसं, ताप असलेले, ताजा मार लागलेले, पोटुशी बाई, यांना खोल दाब नको. जुन्या मधुमेहाने पाय बधिर झालेल्याला तर दाब किती झाला तेच कळत नाही. कंबरदुखीबरोबर पायातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर एक तासही न घालवता दवाखान्यात न्यावं.

आणि आपल्या विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. त्यांचं हाडं-सांधे दुखणं रक्ताच्या आजाराचं असतं, अंग आखडल्याचं नव्हे. असं लेकरू कळवळत आलं तर तेलाची वाटी बाजूला ठेव आणि त्याला लगेच सरकारी दवाखान्यात घेऊन जा.