कातळातील पाण्याचा नमुना : एक पद्धतिविचार

‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण नमुनापरीक्षेचे तत्त्वच सांगते. मात्र सर्व शिते एकाच भांड्यात शिजली आहेत, हे तिचे गृहीत होय. कातळातील विहिरीला ते लागू पडत नाही.

जबलपूर जिल्ह्यातील सिहोरा परिसराचे उदाहरण घ्यावे. महाकोशल समूहाच्या प्राचीन, रूपांतरित खडकांचा हा प्रदेश लोह व मँगनीज यांच्या खनिजांसाठी परिचित आहे. अशा खडकात पाणी वाळूतल्याप्रमाणे सर्वत्र भिनलेले नसते. ते वरचा मुरूम आणि खालच्या भेगा व सांधे यांतून वाहते. खोदलेल्या विहिरीत झरा डोळ्यांना दिसतो. विंधण विहिरीत तो अदृश्य राहतो.

समजा, वरच्या भेगेच्या पाण्यात शेतातील खतांमुळे नायट्रेट लिटरला ८० मिलिग्रॅम आहे आणि खालच्या भेगेत ८. दोन्ही प्रवाह सारखे असतील, तर मिश्रणात ४४ भरेल. भारतीय मानकाची मर्यादा ४५ असल्याने विहीर निर्दोष ठरेल. पावसाळ्यात वरचा प्रवाह वाढला आणि त्यातील प्रमाण तेच राहिले, तर तेच पाणी मर्यादा ओलांडील. अधिक नायट्रेटमुळे तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते. म्हणून ही चूक केवळ कागदावरची राहत नाही.

नळीत साचून राहिलेले पाणी खडकातील पाण्याचे प्रतिनिधित्व करीत नाही. म्हणून साठ्याच्या तिप्पट पाणी आधी उपसण्याची जुनी रीत आहे. १५ सेंटिमीटर व्यासाच्या नळीत ४० मीटर पाणी असल्यास साठा सुमारे ७०० लिटर व उपसा २,१०० लिटर होतो. परंतु जोरदार उपशाने सर्व भेगांचे पाणी एकत्र होते. त्याऐवजी फुगणाऱ्या रबरी अडण्यांनी एकेक भेग वेगळी करून संथ उपसा करावा. तापमान, आम्लता व विद्युतवाहकता यांची लागोपाठ मापे स्थिरावल्यावरच बाटली भरावी. धातूंसाठीचा नमुना गाळून त्यात नायट्रिक आम्ल घालावे. नायट्रेटचा थंड ठेवावा. जंतुपरीक्षेसाठी निर्जंतुक बाटली वापरावी.

बाटलीवर गावाचे नाव व दिनांक यांबरोबर भेगेची खोली आणि उपशाचा वेगही नोंदवावा. त्या नोंदीवाचून प्रयोगशाळेचा आकडा अचूक असूनही विहिरीविषयीचा निर्णय चुकू शकतो.