उवांचे औषध आणि शेतातले ‘औषध’



उसाला वाळवी लागली की आपण म्हणतो, ‘औषध सोडा.’ पोरीच्या डोक्यात उवा झाल्या की म्हणतो, ‘औषध लावा.’ शब्द एकच, आणि घात इथेच होतो. वाळवीसाठी आणलेल्या क्लोरपायरीफॉसचे उरलेले टोपणभर खोबरेलात कालवून लेकराच्या डोक्याला चोळतात, वर फडके घट्ट बांधतात. उवा मरतात, हे खरे.

पण २० टक्क्यांच्या त्या द्रावणाच्या १० मिलिलिटरच्या टोपणात सुमारे २ ग्रॅम विष असते. ते पोटातच जावे लागते असे नाही, कातडीतूनही मुरते. १९७१ साली पॅराथिऑनवर प्रसिद्ध झालेल्या तपासणीत हाताच्या कातडीपेक्षा डोक्याच्या कातडीतून जवळजवळ चौपट विष अंगात गेल्याचे दिसले. त्यात खाजवून झालेल्या जखमा आणि वरून बांधलेले फडके, मग विचारूच नका.

नसेने स्नायूला दिलेला हुकूम थांबवणारे एक द्रव्य शरीरात असते. हे विष नेमके तेच बंद पाडते. हुकूम चालूच राहतो. म्हणून लाळ गळते, दरदरून घाम येतो, उलट्या-जुलाब होतात, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, अंग फडफडते आणि शेवटी श्वास अडतो. कधी कधी हे काही तासांनी सुरू होते. तेव्हा ‘पोर खेळतंय की’ म्हणून गाफील राहू नये.

असे झाल्यास आधी हातात प्लॅस्टिकच्या पिशव्या घालाव्या, मुलाचे कपडे काढून डोके व अंग साबण आणि भरपूर पाण्याने धुवावे. मीठपाणी पाजून ओकारी काढू नये. वेळ न दवडता १०८ ला फोन करून दवाखाना गाठावा. बाटली किंवा तिचा कागद बरोबर न्यावा. नाव कळले की डॉक्टरांना अ‍ॅट्रोपिन वगैरे उतारा ठरवता येतो.

मग उवांचे काय? ओल्या केसांतून बारीक दातांची फणी दर तीन-चार दिवसांनी, दोन आठवडे फिरवावी. थोडे चिवट काम आहे, पण फुकटचे आहे. नाहीतर औषधाच्या दुकानातले माणसांसाठीचे १ टक्का परमेथ्रिनचे लोशन, तेही चिठ्ठीवर लिहिले असेल तेवढाच वेळ ठेवावे. लिखा आठ-नऊ दिवसांत फुटतात, म्हणून नवव्या दिवशी पुन्हा लावावे. घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी तपासावीत, आजीचे सुद्धा.