टाकी झाळली, पंप का बदलता?

गठ्ठे पोचवणाऱ्या आमच्या जुन्या पद्मिनीची गळकी टाकी आम्ही झाळून घेतली. दुसऱ्याच दिवशी गाडी भर रस्त्यात बंद. मिस्त्री म्हणाले, पंप गेला. नवा पंप घातला, पैसे गेले, गाडी तशीच; लग्नसराईचा माल गिऱ्हाइकाकडे उशिरा पोचला.

अशा वेळी पंपाची टाकीकडची नळी काढून तिचे तोंड बंद करावे. पंपाला दुसरी नळी लावून ती जमिनीवरच्या स्वच्छ पेट्रोलच्या डब्यात सोडावी. इंजिन थंड हवे, विडी दूर! गाडी चालली तर पंप बिनकसूर, खोट मागे. आमच्या टाकीजवळच्या रबरी नळीला चीर होती. तिथून पंप हवा ओढतो, पेट्रोल बहुधा गळत नाही, म्हणून दिसत नाही. डब्यातूनही कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल आले नाही, तरच पंपाचा पडदा तपासावा. झाळकामात गंजाचा चुरा सुटतो; फिल्टर त्याच दिवशी बदलावा.