नळदुर्गचे टेलरसाहेब

सन १८२४ मध्ये पंधरा वर्षांचा एक मुलगा विलायतेहून शिडाच्या जहाजाने मुंबई बंदरात उतरला. त्याचे नाव फिलिप मेडोज टेलर. त्याचा जन्म लिव्हरपूल शहरी १८०८ साली झाला होता. वडील व्यापारी, परंतु व्यापारात खोट आली आणि मुलाला कोवळ्या वयातच पेढीवर कारकुनी धरावी लागली. पुढे या कुटुंबाने आयर्लंडमधील डब्लिन शहराजवळ घर केले.

मुंबईतील एका इंग्रज व्यापाऱ्याच्या पेढीत काम करावे आणि सज्ञान होताच तिचे भागीदार व्हावे, अशी बोलणी होऊन फिलिप इकडे आला होता. येऊन पाहतो तो पेढीच डबघाईस आलेली! परक्या मुलखात, ओळख ना देख, पंधरा वर्षांच्या मुलाने करावे तरी काय? सुदैवाने मुंबई सरकारातील एका अधिकाऱ्याशी त्याच्या आईचे नाते होते. त्यांच्या खटपटीने हैदराबादच्या निजामाच्या फौजेत त्याला जागा मिळाली. व्यापारी व्हावयास निघालेला मुलगा असा शिपाई झाला.

फिलिपने येथील भाषा मनापासून आत्मसात केल्या. दुभाष्याच्या तोंडून रयतेचे गाऱ्हाणे ऐकणे त्याला रुचत नसे. पोलीस खात्यात असताना, वाणी पिठात वाळू मिसळतात, अशी तक्रार एकदा त्याच्याकडे आली. टेलरने दुकानांतून पीठ आणविले आणि ज्याचे पीठ त्यालाच सर्वांदेखत खावयास लावले! दातांखाली वाळू करकरू लागताच वाण्यांनी हात जोडले. हा प्रसंग टेलरांनी आपल्या आत्मचरित्रात सांगितला आहे.

१८४१ पासून सुरपूर या संस्थानाचा कारभार त्यांच्याकडे आला. तेथील राजा व्यंकटप्पा नायक वयाने लहान होता. टेलरांनी त्याला मुलासारखे वाढविले. तोही त्यांना 'अप्पा' म्हणे. राजा मोठा झाल्यावर १८५३ मध्ये कारभार त्याच्या हाती देऊन टेलर निघाले, ते नळदुर्गास आले.

त्याच वर्षी इंग्रजांनी फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी निजामाकडून वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग व धाराशिवकडील मुलूख आपल्या ताब्यात घेतला होता. या पश्चिमेकडील भागाचे डेप्युटी कमिशनर म्हणून टेलरांची नेमणूक झाली. नळदुर्गच्या किल्ल्यातच त्यांचे बिऱ्हाड होते. बोरी नदीवरील बंधारा आणि त्याच्या पोटातील पाणीमहाल तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिला असेल. पावसाळ्यात बंधाऱ्यावरून पाण्याचा प्रचंड लोट कोसळतो आणि आतल्या दालनात उभा असलेला माणूस मात्र कोरडाच राहतो! दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या काळातील हे काम आहे.

येथे टेलरांनी जमिनीच्या मोजणीचे काम हाती घेतले. कोणाचे शेत किती आणि त्यावर सारा किती, हे ठरल्यावाचून शेतकऱ्याला स्वस्थता नव्हती. मोजणीची विद्या ते स्वतः खटपटीने शिकले होते. ती त्यांनी इकडच्या तरुणांना शिकविली. रस्तेही बांधविले. लोकांच्या तोंडी 'मेडोज' या नावाचे 'महादेव' झाले. तथापि राज्य परक्यांचे होते आणि वसूल होणारा पैसा मुख्यतः परक्या हुकमतीखालील फौजेसाठीच होता, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

१८५७ चा वणवा पेटला, तेव्हा टेलरांना वऱ्हाडात बुलढाण्यास धाडण्यात आले. देण्यास फौज नाही, जमेल तसे निभवा, असा वरिष्ठांचा निरोप होता. रयतेच्या विश्वासावर त्यांनी तो मुलूख शांत राखला. परंतु तिकडे सुरपूरचा व्यंकटप्पा इंग्रजांविरुद्ध उठला. १८५८ मध्ये तो कैद झाला. टेलर तुरुंगात त्याला भेटले, तेव्हा तो अप्पांना पाहून रडला. त्याची फाशी रद्द होऊन कैदेची शिक्षा झाली. पण त्या ठिकाणी नेत असता वाटेतच पिस्तुलाच्या गोळीने त्याचा अंत झाला. ज्या हातांनी त्याला वाढविले, ते त्याला वाचवू शकले नाहीत. त्याने लढावे की नाही, याविषयी इंग्रज अधिकारी टेलर आणि 'अप्पा' टेलर यांचे मत एकच असेल काय?

१८६० मध्ये टेलर निवृत्त होऊन मायदेशी परतले. त्याच वर्षी नळदुर्गचा मुलूखही निजामाला परत मिळाला. डब्लिनजवळच्या घरात बसून टेलरांनी 'तारा' ही कादंबरी लिहिली. ती १८६३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिची नायिका तुळजापूरच्या एका शास्त्र्यांची मुलगी आहे आणि काळ अफजलखानाच्या स्वारीचा आहे. भवानीचे देऊळ, घाट, यात्रेची गर्दी हे सारे हजारो मैलांवरून त्यांनी आठवून लिहिले.

अखेरीस त्यांची दृष्टी गेली. तशाही स्थितीत १८७५ मध्ये ते पुन्हा हैदराबादेस आले. तेथे प्रकृती बिघडली आणि परतीच्या वाटेवर, फ्रान्समधील मांतों गावी, १३ मे १८७६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे आत्मचरित्र पुढल्या वर्षी त्यांच्या मुलीने छापविले.