हिंवाळ्यांतील गाजरें : आमच्या वाफ्यांचा वृत्तांत

शाळेच्या विहिरीमागें दोन गुंठे जमीन पडीक होती. तेथें व्हॉलीबॉलचें मैदान करावें असा खेळाडूंचा आग्रह, तर भाजीपाला लावावा असा आम्हां विज्ञानमंडळाच्या विद्यार्थ्यांचा. मुख्याध्यापकांनीं दोन हिंवाळ्यांची मुदत देऊन जमीन आमच्या हवालीं केली. परंतु तेवढ्या अवधींत वसतिगृहाच्या स्वयंपाकघरास उपयोगी पडेल असें कांहीं निघालें नाहीं, तर तेथें जाळें बांधलें जाईल, असेंही बजावलें. पुढील हकीकत वाचतांना वाचकांनीं हा धाक ध्यानांत ठेवावा.

युरोपच्या थंड भागांत हिंवाळा म्हणजे जमीन गोठण्याचा काळ. गाजरें तशींच जमिनींत राखावयाचीं, तर त्यांवर गवताचा जाड थर पसरावा लागतो. आमच्या नाशिक जिल्ह्यांत गोष्ट निराळी. निफाडच्या बाजूस एखाद्या पहांटे पारा ५-६ अंशांपर्यंत उतरतो खरा. पण दिवसां ऊन स्वच्छ असतें, आणि गाजर, मुळा, बीट यांच्या वाढीचा हाच काळ होय. गाजरास रंग व आकार १५ ते २० अंश सेल्सिअस उष्णतामानांत उत्तम येतो. उष्मा अधिक झाल्यास रंग फिका पडतो.

सन २०२३ मध्यें आमचा उतावीळपणा नडला. सप्टेंबरअखेर पाऊस उघडतांच आम्हीं काळ्या, चिकट जमिनींतच सपाट वाफे केले, गोठ्यांतील ताजें शेण सढळ हातानें घातलें आणि बीं मुठीनें फेंकलें. माळीमामा म्हणाले, “पोरांनो, हें खत अजून कुजलं नाहीं. गाजराला पाय फुटतील.” आम्हांस हा विनोद वाटला. उगवण फार दाट झाली, तेव्हां जास्तीचीं रोपें उपटून आम्हीं दुसऱ्या वाफ्यांत लावलीं. एका बियाण्यांत दोन वाफे होतील, असा आमचा हिशेब. जानेवारींत खणून पाहिलें, तों खरोखरच पाय फुटलेले! कोणास दोन, कोणास चार. उपटून लावलेल्यांत तर सरळ असें एकही नव्हतें. त्यांतील एक खेळाडूंनीं सूचनाफलकावर टांगलें. गाजराची पुंगी वाजली नाहीं, ती मोडून खाणेंच भाग होतें. पण सोलतां येत नाहींत म्हणून आचाऱ्यानें अर्धीं परत पाठविलीं.

कारण शोधतां समजलें कीं, गाजर हें मूळच असल्यामुळें त्याचें कोंवळें टोंक खड्यास वा घट्ट ढेंकळास अडलें, ताज्या खतानें दुखावलें किंवा उपटतांना तुटलें, कीं बाजूचीं मुळें जाड होऊं लागतात. वांग्या-मिरचीचें रोप उपटून लावतां येतें, गाजराचें नाहीं.

सन २०२४ मध्यें आम्ही माळीमामांस अगोदर विचारूं लागलों. पोयटा व जुन्या खड्ड्यांतील कुजलेलें खत मिसळून उंच वरंबे केले. ऑक्टोबरच्या मध्यास बीं वाळूंत कालवून ओळींत, सुमारें १ सेंटिमीटर खोल, पेरलें व वर ओलें गोणपाट घातलें. मधूनमधून मुळ्याचें बीं टाकलें होतें. मुळा चार-पांच दिवसांतच उगवतो, त्यामुळें ओळ दिसते. गाजरानें दहावा दिवस उजाडविला. पुढें दोन रोपांत चार बोटें अंतर ठेवून विरळणी केली. हिरवींगार रोपें उपटून फेंकण्यास कोणाचाही हात होईना. अखेर एकमेकांच्या ओळी विरळ कराव्या असें ठरलें, तेव्हां काम झपाट्यानें झालें.

वाण दोन होते. ‘नांत’ हें फ्रान्समधील त्याच नांवाच्या शहरावरून ओळखलें जाणारें नारिंगी गाजर. दुसरें लाल ‘पुसा केशर’, हें देशी लाल गाजर व नांत यांच्या संकरापासून निवडलेलें. बिहारांतील पुसा येथील कृषिसंशोधनसंस्था १९३४ च्या भूकंपानंतर, १९३६ मध्यें दिल्लीस हलली. गांव सुटलें, पण नांव वाणांस चिकटून राहिलें.

जानेवारीच्या उत्तरार्धांत निम्मे वरंबे खणले. गाजरें सरळ, आणि पहिल्या वर्षींपेक्षां गोड निघालीं. बाकीचीं जमिनींत किती टिकतात, हें पाहण्यासाठीं ठेवून दिलीं. येथें मात्र आमचा अंदाज पुन्हां चुकला. फेब्रुवारीअखेर पुसा केशरच्या मध्यभागीं फुलाचे दांडे चढले आणि खालील गाभा लांकडासारखा झाला. शेजारचें नांत मात्र जसेंच्या तसें. एका पाण्यावर, एका मातींत वाढलेल्या दोहोंत हा भेद कां?

गाजर स्वभावतः पहिल्या हंगामांत मुळांत अन्न सांठवितें व पुढें तें खर्चून फुलतें. या पालटास थंडी लागते. युरोपीय वाणांस १० अंशांखालील थंडी कित्येक आठवडे हवी, म्हणून त्यांचें बीं आपल्या देशांत हिमालयाच्या डोंगराळ भागांत तयार करतात. देशी रक्ताच्या वाणांस आमच्या पहांटेचा गारठाही पुरतो. सारांश, ज्या थंडीनें गाजर गोड केलें, तिनेंच तें फुलाकडे वळविलें. लाल गाजर फेब्रुवारीच्या आरंभींच खणावें, हें आम्हीं दोन पाट्या गमावून शिकलों.

चार झाडें बियांसाठीं राखलीं. एप्रिलांत त्यांवर पांढऱ्या छत्र्या उघडल्या व मधमाशा लोटल्या. नांत फुललेंच नव्हतें, त्यामुळें संकराची भीति नव्हती. वाळलेलें बीं माळीमामांनीं एका डब्यांत राखेंत घालून ठेवलें आहे.

जमीन आमच्याकडेच राहिली. जाळें जुन्या टांकीशेजारीं बांधलें असून चेंडू आठवड्यांतून एकदां तरी आमच्या वाफ्यांत येतो.