काळ्या मातीतले धन-ऋण : काय करावे, काय टाळावे

बेंजामिन फ्रँकलिनने 1747 च्या सुमारास एका विद्युतभाराला धन म्हटले, दुसऱ्याला ऋण. नावे उलटी ठेवली असती, तर 1897 मध्ये सापडलेला इलेक्ट्रॉन धन ठरला असता आणि राहुरी-श्रीरामपूरची काळी मातीही. पण सारखे भार एकमेकांना ढकलतात, विरुद्ध भार ओढतात, हे तसेच राहिले असते. पाटाखालच्या शेतात खताचे गणित त्यावरच चालते.

काय करावे

- चिकणमातीचे कण ऋण, हे पक्के धरावे. अमोनियम, पोटॅश, कॅल्शियम हे धन. त्यांना माती धरून ठेवते. नायट्रेट ऋण, ते पाण्याबरोबर मुळांखाली उतरते.
- युरिया हप्त्याने द्यावा आणि मातीआड करावा. त्याच्यावर भारच नाही, म्हणून आधी तोही पाण्याबरोबर सरकतो. काही दिवसांत त्याचे अमोनियम होते, पुढे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. उघड्यावर राहिला तर अमोनिया हवेत उडतो, तो वेगळाच.
- चोपण, म्हणजे सोडियम साचलेल्या, जमिनीत माती परीक्षणाच्या अहवालाप्रमाणे जिप्सम द्यावे. सोडियमवर एकच धन भार आणि त्याच्याभोवती पाण्याचे कडे. मातीच्या ऋण कणांना तो जवळ आणू शकत नाही. कण एकमेकांना ढकलतात, माती विस्कटते, पाणी मुरत नाही. जिप्सममधल्या कॅल्शियमवर दोन धन भार. तो सोडियमला हुसकावून त्याची जागा घेतो आणि कण पुन्हा एकत्र येतात.
- चोपण जमीन चुनखडीयुक्त असेल तर जिप्समऐवजी गंधकाचा सल्ला विचारावा. राहुरीचे कृषी विद्यापीठ जवळच आहे.

काय टाळावे

- चर न काढता जिप्सम टाकू नये. सुटलेल्या सोडियमला बाहेर जायला वाट हवी. भंडारदऱ्याचे धरण 1926 मध्ये पूर्ण झाले, प्रवरा नदीचे पाणी इथे शेतोशेती पोचले. निचऱ्याकडे मात्र तेवढे लक्ष कुणी दिले नाही.
- पांढरा थर दिसला की जमीन चोपण, असे समजू नये. नुसती खारवट असेल तर निचरा आणि चांगले पाणी पुरते.
- नुसत्या ईसीच्या (विद्युतवाहकतेच्या) आकड्यावर जाऊ नये. त्यात धन-ऋण सगळे आयन एकत्र मोजले जातात. सामू आणि विनिमयक्षम सोडियमही पाहावे.
- पाटाच्या पाण्याचे आवर्तन (पाळी) आले म्हणून सगळा युरिया एकदम फेकून पाट मोकळा सोडू नये.
- स्फुरद ऋण आहे, म्हणून तोही वाहून जाईल असे मानू नये. चुनखडीच्या जमिनीत कॅल्शियम त्याला जागीच जखडतो. तो फोकून न देता मुळांजवळ पेरून द्यावा.