चराईबंदी आणि ग्रामसभा

डोंगराचा उतार उघडा पडला की पावसाचे पाणी माती घेऊन वाहून जाते आणि विहिरी उन्हाळ्यापूर्वीच आटतात. चराईबंदी हा त्यावरील उपाय सर्वांस ठाऊक आहे. परंतु बंदीचा पहिला भार भूमिहीन व शेळ्या पाळणाऱ्या कुटुंबांवर पडतो, याचा विचार क्वचितच होतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे अवर्षणप्रवण गाव. १९९० नंतर तेथील ग्रामस्थांनी ग्रामसभेत चराईबंदी व कुऱ्हाडबंदी स्वीकारली आणि श्रमदानाची जोड देऊन डोंगरावर समतल चर खोदले. गुरे मोकळी सोडण्यास मनाई झाली, तरी गवत कापून नेण्याची मुभा राहिली. पुढे शेतीसाठी कूपनलिका घेण्यावर बंदी आली. पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरविण्याची प्रथा पडली. नियम गावाने केले, म्हणून ते गावाने पाळले.

ग्रामसेवकांनी यातून बोध घ्यावा. कुरण राखण्यापूर्वी शेळ्या पाळणाऱ्यांचे म्हणणे ऐकावे. सरपण व पाणी आणण्याचे कष्ट स्त्रियांचे असतात. त्यांना सभेस अगत्याने बोलवावे. कुरणाचे भाग पाडून ते आळीपाळीने बंद करावेत आणि गवतातील प्रत्येकाचा वाटा आधीच ठरवावा. ज्याला वाटा नाही, त्याच्याकडून राखण होत नाही.